दाजी दुपारी झोपतात

माझ्या धाकट्या भावाला हातात येईल ती वस्तू वाजवून बघायची खोड आहे. मडकं, कप, दाराची फळी, भिंत, काही म्हणून सुटत नाही. एकदा डॉक्टर ह्याची पाठ ठोकून बघत होते आणि हा डॉक्टरांच्या टेबलाची काच. गल्लीत त्याचं खरं नाव कुणाला आठवत नाही, सगळे टणटणच म्हणतात. लग्न त्यानं केलं नाही. मी म्हणते, एका बाईचा जीव वाचला, नाहीतर तिलाही आधी वाजवून बघितलं असतं.

पण ह्या खोडीवरच त्याचं पोट चालतं. तो गाड्यांची हेडं दुरुस्त करतो. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं ॲल्युमिनियमचं जाड झाकण. त्याच्या खालच्या अंगाला चार वाट्या कोरलेल्या असतात, त्यांत पेट्रोल पेटतं. प्रत्येक वाटीला दोन दारं, एक हवा आत घेणारं आणि एक धूर बाहेर सोडणारं. ह्या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. दार मिटताना जिच्यावर येऊन टेकतं ती पोलादी कडी म्हणजे सीट. टणटण हेड सोडवतो, धुतो, दोरीला टांगतो आणि पितळेच्या लहानशा हातोडीनं एकदाच ठोकतो. मग मान वाकडी करून ऐकत राहतो. खणखणीत वाजलं तर हेड चांगलं. बद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे, नाहीतर आत काहीतरी सैल आहे. त्याच्या त्या एका ठोक्यासाठी लांबलांबचे मेकॅनिक ताटकळत बसलेले मी पाहिलेत.

मी त्याची थोरली बहीण. आमचे हे गेल्यापासून मी त्याच्या वर्कशॉपात काम करते. व्हॉल्व्ह घासणं माझ्याकडे. सीटवर खरखरीत पेस्ट लावायची, व्हॉल्व्ह ठेवायचा, त्याला रबरी टोपीची काठी चिकटवायची आणि ती दोन तळव्यांमध्ये फिरवत बसायचं. सुरुवातीला खरखर आवाज येतो. घासत घासत तो मऊ होतो, आणि मऊ झाला की समजायचं, दार नीट मिटायला लागलं. मग पुसून बघायचं. व्हॉल्व्हच्या कडेला चौफेर राखाडी पट्टी उमटलेली असली पाहिजे, कुठंही न तुटता. हे काम माणसाला गप्प करतं असं म्हणतात. मला नाही केलं.

आता ह्यांच्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे हे दुकानादुकानांत औषधांची खोकी पोचवायचे. गाडी लहानशी, पण तिच्यावर जीव. पुढची गाडी ओलांडायची वेळ आली की स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "धर दम." मी शेजारी बसून चिडवायची की बायकोशी कधी इतक्या प्रेमानं बोलला नाहीत. त्या गाडीचं हेड टणटणनंच नवीन सीट बसवून तयार करून दिलं होतं. पंपाजवळच्या लांब चढावर हे एक ट्रक ओलांडायला गेले, आणि समोरून दुसरा आला. मधे सापडले.

नंतर गाडीची तपासणी झाली. पुढचा भाग चेपला होता, पण इंजिन धड होतं. यार्डात नेऊन चालू केलं तर पहिल्या किल्लीला चालू झालं. सगळ्यांनी मान डोलवली. गाडीत दोष नाही, माणसाचा अंदाज चुकला, घाई केली. ज्यांनी आयुष्यात कधी चहासुद्धा घाईनं प्यायला नाही, त्यांच्या नावावर घाई लागली. आणि खोटं कशाला बोलू, मीही तेच मानलं. लहान पोर घरी असताना ट्रक ओलांडायचं काय अडलं होतं, हा राग मी रोज उठून करत आले. त्यांचा फोटो पुसतानासुद्धा मी त्यांना बोल लावायची.

टणटणनं ते इंजिन मागून घेतलं. हेड उतरवलं, सोडवलं, धुतलं, टांगलं आणि ठोकलं. ते इतकं स्वच्छ वाजलं की रस्त्यावरचा माणूस थांबून आत बघायला लागला. टणटण तिथंच खाली बसला आणि ढसाढसा रडला. आपल्या हातून काही राहिलं नव्हतं, ह्याचं ते रडणं होतं. मला तेव्हाही ते कळलं आणि मी त्याला दोष दिला नाही. ते हेड त्यानं परत कुठल्या गाडीला लावलं नाही. वर्कशॉपच्या मधल्या लोखंडी तुळईला आकडा लावून, त्याला तारेनं टांगून ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी शटर वर केलं की टणटणचं पहिलं काम ठरलेलं. हातोडी घ्यायची आणि त्या हेडला एक ठोका द्यायचा. "दाजी, उठलात का?" असं म्हणायचं. आवाज घुमून घुमून विरला की मग दिवसाचं काम. गिऱ्हाइकाचं हेड आलं की आधी दाजींना ठोकायचं आणि मग त्या हेडला, म्हणजे चांगलं कसं वाजतं ते कानात ताजं राहतं. ही कसोटी तो सकाळीच करायचा. दुपारी रस्त्यावर गोंगाट असतो म्हणायचा.

त्या हेडची आणखी एक गंमत होती, गंमतच म्हणायची तर. सकाळी रस्त्यावरून जड ट्रक गेला की ते कुणी हात न लावता आपोआप गुणगुणायचं. बारीक, दातांत जाणवेल असं. नवीन माणूस दचकायचा. एक टेम्पोवाला तर अर्धा चहा टाकून निघून गेला, त्यानंतर त्याचा माल दुसऱ्याच्या हाती यायला लागला. पण दुपारी, पत्रे तापले की, कितीही ट्रक जाऊ देत, हेड गप्प. आमच्या घरात त्यावर एक म्हणच पडली होती. दाजी दुपारी झोपतात. माझी मुलगी लहानपणी दुपारची वर्कशॉपात आली की चवड्यांवर चालायची, बाबा उठतील म्हणून.

त्या पोरीला मी भिंगरी म्हणते. एका जागी बसेल तर शपथ. मोठी होऊन मेकॅनिक झाली आणि तिनं तसलीच लहान जुनी गाडी उचलून आणली, बापाची होती तसलीच. तिला त्या इंजिनाला टर्बो लावायचा होता. टर्बो म्हणजे काय ते तिनं मला चहा ढवळत समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, आणि तो इंजिनात दाबून हवा कोंबतो. हवा जास्त तर आग जास्त, आग जास्त तर ताकद जास्त. एवढ्याशा गाडीला मोठीचा दम येतो. मी विचारलं, आणि ही सगळी आग सोसायची कुणी? ती म्हणाली, हेडनं.

ही गाडी घेऊन तिला चढणीच्या शर्यतीत उतरायचं होतं. वळणावळणाचा चढ, एका बाजूला कडा, एका बाजूला काही नाही. तिथं इंजिनानं ऐन वेळी दम सोडला तर पोरगी माझ्या हाती लागणार नव्हती. मी सरळ नाही म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग वर बोट दाखवलं. तिला जे हेड हवं होतं, ते हे टांगलेलं.

त्याचं कारणही तिच्याकडे तयार होतं. त्या जुन्या बनावटीत वाटीवाटीच्या मधला धातू जाड असतो, टर्बोचा जोर तो सोसतो. पुढं कंपनीनं धातू कमी केला, तिच्या गाडीला आलेलं हेड तसलंच पातळ होतं, आणि जुनी हेडं भंगारात वितळून गेली. धड राहिलेलं एवढं एकच, आणि ते आमच्या डोक्यावर टांगलेलं. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण मी आई आहे म्हणून मला कळत होतं. घाई करून मेलेल्या माणसाची मुलगी म्हणून ती वाढली होती. ओळखीपाळखीत कुणी गाडी जोरात चालवली की लोक तिच्याकडे बघून गप्प व्हायचे. तिला बापाच्या हेडनं तो चढ चढून दाखवायचा होता.

मी टणटणकडे बघितलं. वाटलं, हा नाही म्हणेल. आकड्यावरचं ते हेड तो कुणाला पुसूसुद्धा द्यायचा नाही. तो वर बघत म्हणाला, काढू या. माझ्याच हातचं आहे, त्यात भिण्यासारखं काय आहे?

हेड खाली आलं आणि वर्कशॉप निराळं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टणटण सवयीनं हातोडी घेऊन मधोमध जाऊन उभा राहिला, हात वर केला, आणि तसाच राहिला. तेवढ्यात बाहेरून ट्रक गेला आणि वरचा रिकामा आकडा गुणगुणला. मी ऐकलं. त्यानंही ऐकलं. तुळई हलते, आकडा हलतो, लोखंड आहे, आवाज होणारच, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मी कुठं काय विचारलं? पण दिवसभर आम्ही दोघं त्या आकड्याखालून जायचं टाळत राहिलो. वळसा घालून जायचो, आणि एकमेकांना दाखवायचो नाही.

काम सुरू झालं. भिंगरीनं हेड रॉकेलमध्ये बुडवून धुतलं, वाट्यांतली काजळी खरवडली. हवेच्या वाटा आतून लहान दगडी चाकानं घासून सरळ केल्या, वाटीत कुठं धारदार कड राहिली असेल तर बोथट केली, कारण टर्बोच्या आगीत अशी कड निखाऱ्यासारखी तापते. खालचं अंग मशीनवर सपाट करून घेतलं. पोरीचे हात बघत राहावेत असे चालत होते. मग ती म्हणाली, सगळ्या सीट काढून नव्या बसवू या. इथं टणटण अडला. सीट त्यानं बसवलेल्या होत्या. असल्या सीट आता कुणी बसवत नाही, जन्मभर हलायच्या नाहीत, म्हणाला. तिनं समजावलं, मामाभाचीची जुंपली. शेवटी ती म्हणाली ठीक आहे, मामाच्या सीट राहू देत, फक्त गाइड बदलू. गाइड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून वरखाली होते ती नळी. मामावर तिचा विश्वास होता. माझाही होता. तिनं ते मान्य केलं तेव्हा त्याचं तोंड उजळलेलं मी बघितलं.

गाइड बदलण्याआधी जुन्या सीटवर व्हॉल्व्ह कितपत नीट टेकतात ते बघायला मी घासायला बसले. एकेक करून घासले, पट्टी चांगली उमटली. तिसऱ्या वाटीच्या धुराच्या व्हॉल्व्हलाही सकाळी सुंदर, चौफेर उमटली. जेवून आले, सहज परत टेकवून फिरवून बघितला, तर पट्टी एका जागी तुटलेली. मला वाटलं कचरा आला असेल. पुसला, परत घासला, तरी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी अखंड. दुपारी तुटलेली, त्याच जागी, बोटाच्या पेराएवढी.

मी भित्री नाही. अंधारात विळी शोधणारी बाई आहे मी. पण त्या दुपारी ती काठी तळव्यांत धरून बसले असताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाकीचे व्हॉल्व्ह घासले की आवाज मऊ व्हायचा. हा मऊ व्हायचा आणि मधेच अडखळायचा, बोलता बोलता कुणी शब्द गिळावा तसा. मी हात थांबवला. आणि हात थांबवल्यावरसुद्धा एकदा अडखळल्याचा आवाज आला. मी हलले नव्हते, देवाशपथ हलले नव्हते. पत्रे वर तडतडत होते आणि वर्कशॉपात दुसरं कुणी नव्हतं.

टणटणला सांगितलं तर तो वसकन अंगावर आला. तुझे डोळे गेलेत, चष्मा बदल, म्हणाला. त्यानं व्हॉल्व्ह हिसकून घेतला आणि स्वतः घासायला बसला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मला पट्टी दाखवली, बघ, आहे का कुठं तुटलेली? नव्हती. सकाळी ती कधीच तुटलेली नसायची. मी म्हटलं, दुपारी दाखव. तो म्हणाला, दुपारी मला कामं असतात.

मग भट्टीचा दिवस आला. गाइड बदलायची तर हेड तापवावं लागतं. तापलं की ॲल्युमिनियम फुगतं, भोकं सैल होतात आणि नळ्या न ओरबाडता निघतात. आमच्याकडे त्यासाठी लोखंडी कपाटाएवढी भट्टी आहे, तिला जड दार. टणटणनं हेड दोन गजांवर उपडं ठेवलं, वाट्या खाली करून, आणि दार लावलं. भिंगरी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन गाइड आणायला गेली. टणटण नळ्या ठोकून काढायचा पोलादी पंच पुसत होता. मी स्टुलावर बसले होते. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि त्याला जो गोंगाट नको असायचा त्याचा मागमूसही नव्हता.

भट्टीच्या आतून कुणीतरी ठोकलं.

टक्. एकदाच. बंद दाराच्या आतून बोटाच्या पेरानं ठोकावं तसं. टणटणच्या हातातला पंच खाली पडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. आम्ही दोघं भट्टीकडे बघत राहिलो. मला ह्यांची आठवण झाली. स्वतःच्या घरातसुद्धा दार ढकलून आत न येता एकदा ठोकून उभे राहायचे, आणि मी आतून ओरडायची, उघडंच आहे हो! ते ओरडणं माझ्या तोंडाशी आलं होतं. तोंड दाबून धरलं मी.

टणटणनं हातमोजे घातले. दार उघडलं, धग बाहेर आली. हेड जागच्या जागी होतं. खालच्या ट्रेमध्ये एक पोलादी कडी पडलेली होती. सीट. हेड उपडं होतं, तापलं, आणि जन्मभर न हलणारी सीट आपल्या वजनानं गळून खाली पडली. बाकीच्या सगळ्या जागच्या जागी होत्या. गळाली ती एकच, तिसऱ्या वाटीची, धुराच्या बाजूची.

त्यानं ती चिमट्यात धरून उजेडात नेली. मलाही दिसलं. जी सीट घट्ट बसलेली असते तिची पाठ मळकट, खरखरीत राहते. हिची पाठ आरशासारखी चकचकीत होती. चालत्या इंजिनात, तापल्यावर, ती आपल्या खाचेत फिरत होती, घासत होती. किती वेळा फिरली असेल देव जाणे. मग त्यानं हेड उलटं करून गरम असतानाच ती खाचेत ठेवली, आणि ती मोज्यात बोट जावं तशी अलगद आत बसली. तो बघत राहिला. मीही. हेड हळूहळू निवत गेलं. मग त्यानं पंच लावून सीटला दणका दिला, अजून एक दिला. ती हलली नाही. आता ती इतकी घट्ट होती की जगातल्या कुणीही शपथेवर सांगितलं असतं, ह्या हेडमध्ये काही दोष नाही.

मला सगळं एका क्षणात उलगडलं, आणि मी हे काम शिकले नसते तर बरं झालं असतं असं वाटलं. त्या दिवशी लांब चढ, तापलेलं इंजिन. हे ट्रकच्या बाजूला आले, थाप मारली असेल, धर दम म्हटलं असेल. आणि तेवढ्यात ती सीट खाचेत तिरकी झाली, दार मिटेना, चारातली एक वाटी मेली. गाडीनं दम सोडला. ट्रकच्या बाजूला, मधोमध. मग सगळं थंड झालं, सीट आपल्या जागी जाऊन बसली, आणि यार्डात इंजिन पहिल्या किल्लीला चालू झालं. दाजी दुपारी झोपत नव्हते. दुपारी पत्र्याखाली हेड तापायचं, सीट सैल व्हायची, आणि सैल सीट असलेलं हेड गुणगुणत नाही. आमच्या डोक्यावर इतकी वर्षं रोज दुपारी ते सांगत होतं. आणि हेडं वाजवून ओळखणारा माझा भाऊ त्याला रोज न चुकता सकाळी ठोकत होता. थंड.

टणटण माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या तोंडावरचं वाचायला मला चष्म्याची गरज नव्हती. सीट पुन्हा बसलेली होती. भिंगरी येऊन विचारेल तेव्हा म्हणता आलं असतं, तुझं ऐकतो, सगळ्या सीट बदलू. पोरीच्या गाडीला धोका राहिला नसता. त्याचं नाव राहिलं असतं, आणि ह्यांच्या नावावरची घाईसुद्धा राहिली असती. मी बोलणार होते की नाही? विचारू नका. एका हातात नवरा होता, एका हातात भाऊ.

भिंगरी आली. उघडी भट्टी, खाली पडलेला पंच, आमची तोंडं. काय झालं म्हणाली. टणटणनं हेड परत उपडं करून भट्टीत सरकवलं, दार लावलं आणि तिला म्हणाला, "थांब. ऐक." आम्ही तिघं त्या दारासमोर उभे राहिलो. मला ते परत ऐकायचं नव्हतं.

टक्.

"तुझ्या बापानं घाई केली नव्हती," टणटण म्हणाला. "खाच मी मोठी कापली होती. केसभर. थंडपणी कळली नाही, आणि गरम करून मी कधी बघितलं नाही. दाजी गेल्यावर हेड सोडवलं तेव्हा व्हॉल्व्हची एक कड जळलेली मला दिसली होती. मी पेट्रोलला दोष दिला." मग तो माझ्याकडे वळला. "ताई, मी मारलं त्यांना."

भिंगरीनं भट्टी बंद केली, ट्रे बाहेर काढला आणि ती सीट चिमट्यानं उचलून पाण्यात टाकली. चर्र झालं. ती ओली कडी तिनं मुठीत घेतली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली, पाठ आमच्याकडे करून. तिच्या खांद्यांवरून मला कळलं, ती रडत होती. आणि तिच्या त्या रडण्यात नुसतं दुःख नव्हतं, हेही मला कळलं.

मी घरी गेले. फोटो खाली काढला. काय बोलायचं ते सुचेना, कारण त्यांच्याशी मला भांडायचीच सवय होती. शेवटी फोटो मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. त्यानंतर पुष्कळ दिवस मी वर्कशॉपाकडे फिरकले नाही. भावाचा राग आला होता का? आला होता. इतका, की त्याच्या गल्लीतून येणारा वारासुद्धा नको वाटायचा. पण भिंगरीनं येऊन सांगितलं की मामानं हेडवरचा हात काढून घेतलाय, दुसऱ्याकडे ने म्हणतोय, हातोडीसुद्धा कोपऱ्यात टाकून दिलीय. तेव्हा मी चपला घातल्या.

तो स्टुलावर बसला होता, हेडकडे पाठ करून. मी म्हटलं, उठ. केसभर कुठं चुकतो हे जगात तुझ्याइतकं आता कुणाला ठाऊक आहे? ह्यांच्या पोरीच्या सीट तूच बसवायच्या, आणि ह्या वेळी गरम करून बघायच्या. माफ केलं असं मी म्हटलं नाही. ते मला अजूनही नीट म्हणता येत नाही. पण व्हॉल्व्ह मी घासले. तिसऱ्याची पट्टी दुपारी बघितली, रोज दुपारी, आणि ती अखंड राहिली. शेवटी टणटणनं हेड भट्टीतून गरम गरम बाहेर काढलं, त्याच आकड्याला टांगलं आणि हातोडी माझ्या हातात दिली. मी ठोकलं. भर दुपारी वर्कशॉप घुमलं.

गाडी उभी राहिली तेव्हा शर्यतीच्या आधी भिंगरीला ती एकदा मोठ्या चढावर तापवून बघायची होती. कुठल्या ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी शेजारी बसले. टणटण न विचारता मागचं दार उघडून आत शिरला. माझ्या हातचं आहे, मी आत बसणार, एवढंच म्हणाला. पंप मागं पडला, चढ सुरू झाला. ह्या रस्त्यावर मी त्या दिवसानंतर पाऊल टाकलं नव्हतं. उन्हात पुढं एक ट्रक चालला होता, संथ, आणि गाडीतली सगळी गरमी माझ्या पायांना जाणवत होती.

भिंगरीनं रस्ता बघितला, मोकळा होता, आणि गाडी बाजूला घेतली. ट्रकची चाकं माझ्या खिडकीशी आली, उंच, गरगरती. मागं टणटणनं माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली होती. माझा हात आपणहून उठला आणि पुढच्या फळीवर थाप पडली.

"धर दम," मी म्हटलं.

गाडीनं दम धरला. ट्रक सरकन मागं गेला, समोर चढाचा माथा आला आणि त्यामागं मोकळं आकाश. भिंगरीनं माझ्याकडे वळून विचारलं, आई, हे तुला कुणी शिकवलं? मागं टणटण मान खाली घालून रडत होता. मी मागं हात केला आणि त्याचं डोकं बोटानं एकदा वाजवून बघितलं.